आबा ‘वारं पडलंय’ का म्हणायचे?

एका ताईंचं पत्र आलंय. मूळ गाव औसा तालुक्यातलं, मुक्काम पुण्यात. त्यांचे वडील, आबा, गेल्या वर्षी येळवशीनंतर (मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा करायचा लातूरकडचा सण) महिन्याभराने गेले. कागदावर वय 91. वर्षश्राद्धाला गावजेवण आहे आणि थोरला भाऊ म्हणतोय, तू चार पानं लिही, नातवंडांना वाचून दाखवू. ताई लिहितात: “दोन महिने वही उघडून बसते. ‘कष्टाळू होते, मायाळू होते’ याच्यापुढे गाडी जात नाही. जन्मभर शेतीच केली, त्यात काय लिहायचं? माझ्या मुलांनी तर त्यांना फक्त बाल्कनीत बसलेलं पाहिलं. सकाळी उठून ‘वारं पडलंय’ म्हणायचे, पोरं हसायची. सही उर्दूत करायचे, त्याचीही गंमत वाटायची. आणि खरं सांगते, भावांना त्यांनी लातूरला ठेवून शिकवलं, मला दहावीनंतर घरी बसवलं. ते आठवलं की पेन थांबतं. मी वाईट मुलगी आहे का?”

नाही हो, ताई. तसं असतं तर दोन ओळी खरडून भावाच्या हातात दिल्या असत्या आणि मोकळ्या झाला असता.

आधी ते वारं घेऊ. मळणीयंत्र येण्याआधी ज्वारीची कणसं खळ्यावर पसरून त्यावर बैलांची पात धरायचे, म्हणजे बैल गोल फिरवून कणसं तुडवून घ्यायचे. दाणे सुटले तरी भूस त्यांच्यातच मिसळलेलं. ते वेगळं करायला वाऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. माणूस तिवईवर चढायचा, भरलेली पाटी डोक्याच्या वर धरायचा आणि हलवत हलवत धार सोडायचा. दाणा पायाशी पडायचा, भूस पलीकडे उडायचं. वारं पडलं की काम बंद. मग खळ्यावरच घोंगडी टाकायची आणि रात्री दोनला वारं सुटलं तर दोनला उठायचं. माझे आजोबा चिमूटभर भूस हवेत सोडायचे आणि ते कुठे पडतं हे बघून तिवई हातभर सरकवायचे. वर्षाचं धान्य त्या हातभर अंतरावर असायचं. तुमच्या मुलांना हे सांगा. ती हसली त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी खळं दाखवलंच नव्हतं. चार पानांची सुरुवात इथूनच करा.

आता सही. दाखल्यावर आबांचा जन्म 1933 चा, म्हणजे त्यांचं शाळेचं वय निजामाच्या राज्यात गेलं. तेव्हा सरकारी कामकाज उर्दूत, शाळेतही उर्दू शिकावी लागायची. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मोकळं झालं तेव्हा ते पंधरा वर्षांचे असतील. त्या वर्षी तुमच्या गावात काय झालं, रझाकारांच्या भीतीने घरातली बायकामाणसं कुठे नेऊन ठेवली होती, हे सांगणारं कुणी अजून हयात असेल तर आजच फोन लावा. आणि जन्मतारीख 1 जून आहे का बघा. असेल तर ती बहुतेक गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला येतो. खरं वय एखाद्या आत्यालाच माहीत असेल.

बहात्तरच्या दुष्काळात ते ऐन उमेदीत होते. खडी फोडायला गेले होते का? की तलावाच्या मातीकामावर? परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव घरात कुणाला आठवते? ‘शेतीच केली’ या दोन शब्दांत तुम्ही हे सगळं बांधून ठेवलंय, ताई. जरा सोडा ते गाठोडं.

राहिली दहावीची गोष्ट. ती लिहा. गावात पुढचा वर्ग होता का, एसटी किती वाजता होती, त्या दिवशी आई काय म्हणाली, आबा तुमच्याकडे बघत होते की जमिनीकडे, जे आठवतं ते जसंच्या तसं लिहा. कारणं असतील तर तीही द्या, पण त्यांच्या वतीने माफी मागू नका आणि त्यांना कोर्टातही उभं करू नका. हे पान मांडवात वाचू नये असं माझं मत आहे. तिथे आत्या-चुलत्यांमध्ये त्याचा भलताच फाटा फुटेल. ते तुमच्या लेकीला द्या. ज्या माणसाने मुलीची शाळा थांबवली तोच माणूस रात्री दोनला उठून तिच्या भाकरीची ज्वारी उफणत होता. दोन्ही खरं आहे, आणि लेकीला दोन्ही कळलं तरच तिला आजोबा कळले.

वर्षश्राद्धाच्या आधी येळवस येतेय. मुलांना घेऊन शेतात जा. कडब्याच्या कोपीत पूजा होऊ द्या, भज्जी-आंबील पोटभर होऊ द्या, आणि मग आबांच्या वेळचा सालगडी अजून असेल तर त्याच्या शेजारी वही घेऊन बसा. आबा कसे होते, असं विचारू नका. ‘चांगले होते’ एवढंच मिळेल. पेरताना चाड्यावर (पाभरीवर बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरताना ते कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत, कुठल्या बैलावर त्यांचा जीव होता, खळं कुठल्या कोपऱ्यात होतं, मोट कोणत्या विहिरीवर चालायची, ते विचारा. विहीर सापडली तर काठावरचा दगड बघा. दोर घासून त्यावर खाच पडलेली असू शकते. असली तर धाकट्याला त्या खाचेत बोट घालू द्या.