कॅरीमधल्या घराची क्रॉल स्पेस सील करायला 19,400 डॉलर लागतात का?

तुमचा प्रश्न असा : नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला 1,500 चौरस फुटांचं घर आहे, खाली क्रॉल स्पेस (जमीन आणि घराच्या तळामधली, सरपटत जाण्याइतकी बुटकी पोकळी), जुलै लागला की घरभर कुबट वास. कंपनीने ती सील करायचे, म्हणजे व्हेंट बुजवून आतून प्लास्टिक लावायचे, 19,400 डॉलर सांगितले. सासरे म्हणतात, पायाच्या भिंतीतले व्हेंट (हवेचे झरोके) उघडे ठेवा, हवा खेळती राहिली की आपोआप सुकेल.

आकडा जास्त आहे. रॅली-कॅरी भागात एवढ्या घराला साडेसात ते साडेअकरा हजारांत नीट काम होतं. कुठल्या कामाला किती, ते खाली लिहितो. पण सासऱ्यांचं वाक्य मला आधी खोडायचंय, कारण आपल्या लोकांच्या घरांखाली उतरलं की हेच ऐकायला मिळतं आणि त्यापायी लोकांच्या जॉइस्ट, म्हणजे तळाखालच्या लाकडी तुळया, कुजतात.

जुलैतली दुपार घ्या. बाहेर 85 अंश फॅरेनहाइट, आर्द्रता 65 टक्के. या हवेचा दवबिंदू, म्हणजे जेवढं गार झाल्यावर ती पाणी सोडते ते तापमान, साधारण 72 अंश. क्रॉल स्पेसमधली माती आणि भिंती 70-72 च्या आसपास, एसीचे डक्ट (हवेचे नळ) त्याहून गार. म्हणजे ती "खेळती" हवा आत शिरली की तिची आर्द्रता शंभर टक्क्यांना टेकते आणि डक्टवर पाणी धरतं. व्हेंट जितके मोकळे, तितकं पाणी जास्त.

शेजारच्या एपेक्स गावातलं एक घर सांगतो. मालकाने अगदी मन लावून सगळं केलं होतं : व्हेंटच्या जाळ्या साफ, शिवाय दोन व्हेंटना पंखे बसवलेले. खाली गेल्यावर जॉइस्टमधलं फायबरग्लासचं इन्सुलेशन पाण्याने जड होऊन तारेच्या आकड्यांतून सुटून लोंबत होतं, डक्टच्या चंदेरी आवरणाखालून थेंब गळत होते, आणि ओल मोजायच्या मीटरच्या सुया लाकडात खुपसल्या तर 24 टक्के ओल. 19-20 च्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं. 28 च्या आसपास लाकूड कुजायलाच लागतं. पंखे बंद करून व्हेंट झाकणं एवढंच पहिलं पाऊल होतं, पण मालकाला ते पटवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. रॅलीच्या अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने याच राज्यात प्रिन्सव्हिलला सारख्या बांधणीच्या 12 घरांवर हे मोजून दाखवलंय : बंद क्रॉल स्पेसची घरं कोरडी राहिली आणि गरम-गार करण्याची वीज सरासरी 15 टक्क्यांच्या वर वाचली. कोकणातल्या जोत्यावरच्या घराला लावायचा नियम इथे लावू नका. तिथे खाली गार डक्ट नसतात.

आता पैसे. जुनं फायबरग्लास आणि कचरा काढणं 800 ते 1,500. जमीन, भिंती आणि खांबांना 12 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं, आत धाग्यांची जाळी असलेलं प्लास्टिक, मजुरीसकट 4,000 ते 6,000. व्हेंट बुजवणं आणि दाराला रबरी पट्टी 500 ते 1,000. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) बसवून 1,800 ते 2,500. त्याच्यासाठी विजेचा पॉइंट 200 ते 400. भिंतींना आतून फोम लावायचा तर आणखी दोन ते साडेतीन हजार. 19,400 च्या कागदात बहुधा 20 मिलचं प्लास्टिक, "अँटीमायक्रोबियल" (बुरशी मारणारी) फवारणी, कडेने नाली आणि संप पंप (साचलेलं पाणी उपसणारा) असं सगळं कोंबलेलं असेल. प्रत्येक ओळीची किंमत वेगळी मागा. "आजच सही केली तर सूट" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. 20 मिल फक्त तिथे सामान ठेवणार असाल तरच. फवारणीने ओल जात नाही. ओल राहिली तर बुरशी परत येते. नाली आणि पंप मात्र खरंच आत पाणी साचत असेल तर लागतातच.

पण पाणी बहुतेक वेळा बाहेरून येतं. या भागातली लाल चिकणमाती पाणी लवकर सोडत नाही. छताच्या गटरचे डाउनस्पाउट (पाणी खाली आणणारे पाइप) भिंतीपाशीच सांडत असतील तर आधी ते 10 फूट लांब न्या, आणि पायापासून 10 फुटांत जमीन 6 इंच उतरती करा. हे न करता प्लास्टिक अंथरलं तर पाणी त्याखाली तळं करून बसतं. एसीचं पाणी काढणारा कंडेन्सेट पाइप किंवा ड्रायरची हवा खाली सुटत नाही ना, तेही बघा.

स्वतः केलं तर सामान अडीच ते तीन हजारांत येतं. 30 बाय 50 फुटांचं घर धरलं तर जमीन 1,500, भिंतींचा घेर 160 फूट गुणिले उंची 3 म्हणजे 480, त्यात 10 टक्के जोडांसाठी : 2,200 चौरस फूट प्लास्टिक मागवा. जोडावर 12 इंच ओव्हरलॅप आणि ब्यूटिल टेप. साधी डक्ट टेप वर्षभरात सुटते. भिंतीवर नुसता गोंद टिकत नाही, पट्टी लावून काँक्रीट स्क्रूने आवळा आणि कडेला पॉलियुरेथेन सीलंट भरा. वरची 3 इंच भिंत उघडी सोडा, वाळवी बघायला ती जागा लागते. ती झाकली तर वाळवीवाल्याची वॉरंटी जाऊ शकते. व्हेंट 2 इंची फोमचे तुकडे कापून बुजवा. खांबाभोवतीचं प्लास्टिक नीट न गुंडाळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक : काँक्रीट ब्लॉक खालून ओल ओढतो आणि वर सोडतो.

1,500 फुटांना दिवसाला 70 पिंट पाणी काढणारं मशीन पुरतं, 120 पिंटचं गळ्यात मारू देऊ नका. 50 ते 55 टक्क्यांवर लावा, पाण्याची नळी थेट बाहेर काढा. उन्हाळ्यात महिन्याला 20-30 डॉलरची वीज जाईल. मशीनऐवजी एसीच्या डक्टमधून थोडी हवा सोडण्याचा स्वस्त पर्याय आहे, पण एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांत एसी फारसा चालत नाही, तेव्हा तो काही करत नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं : खाली गॅसवर चालणारी भट्टी किंवा वॉटर हीटर असेल आणि तो ज्वलनाची हवा तिथूनच घेत असेल, तर व्हेंट बुजवायच्या आधी एचव्हीएसीवाल्याला (एसी-हीटिंगच्या तंत्रज्ञाला) दाखवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. घर पूररेषेत असेल तर पुराचे व्हेंट बंद करता येत नाहीत. परमिट लागतं का ते टाउन ऑफ कॅरीच्या कार्यालयात विचारा. आणि सील केल्यावर रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची) चाचणी करा. लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या वर आलं तर त्याच प्लास्टिकखालून पाइप काढून पंखा बसवता येतो.

सासऱ्यांना 15 डॉलरचे दोन हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दाखवणारे) आणून द्या, एक व्हेंटबाहेर, एक खाली डक्टला चिकटवून. टक्के बघू नका, तापमान आणि आर्द्रतेवरून बाहेरच्या हवेचा दवबिंदू काढा, आणि खाली डक्टचं तापमान बघा. व्हेंट उघडे ठेवून जुलैत आठवडाभर रोज दुपारी लिहायला सांगा. बाहेरच्या हवेचा दवबिंदू खालच्या डक्टच्या तापमानापेक्षा एकदाही कमी आला, तर त्या दिवशी व्हेंट उघडे ठेवायला माझी हरकत नाही.