पणजीच्या मळ्यात दर पावसाळ्यात पाणी का भरतं? पोर्तुगीज काळात भरत नव्हतं का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पणजीला येताय, मळा या वस्तीत तळमजल्यावर भाड्याचं घर बघून ठेवलंय आणि आता तिथे पाणी भरतं असं कानावर आलंय. हे पोर्तुगीज गेल्यानंतरचं की आधीपासूनचं, आणि सरकारने काही केलंय की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. माझं लहानपण त्याच मळ्यात गेलं, तेव्हा घरापासूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे पावसाळ्यात रेडिओवरच्या हवामानापेक्षा पंचांगाला जास्त मान. पावसाने जोर धरला की वडील आधी तिथी बघायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरती दुपारी बाराच्या मागेपुढे; तिथून दर तिथीला साधारण पाऊण तास पुढे. अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, असला तर "पडू दे, जाईल" म्हणत वर्तमानपत्र उघडायचे. उधाण असलं तर आई काही न विचारता तांदळाचा डबा टेबलावर चढवायची. पावसाचा आणि भरतीचा मुहूर्त जुळला तरच पाणी घरात येतं. हे मळ्यातल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं.

कारण जागाच तशी आहे. मागे आल्तिनोची टेकडी, पुढे ओरेमची खाडी, मध्ये बशीसारखा मळा. टेकडीवरचं पाणी थोड्या वेळात खाली येतं. खाडी मांडवीला मिळते आणि मांडवीला समुद्राची भरती चढते. भरती असली की पाण्याला बाहेर पडायला तोंडच राहत नाही. उलट खाडीचं पाणी गटारातून मागे येतं. पलीकडच्या बाजूला ताळगावच्या शेतांतून येणाऱ्या सांतिनेज खाडीचीही तीच गत. डिचोली-सत्तरीत जुलै 2021 मध्ये आला तो पूर वेगळा, तो म्हादई-वाळवंटीतून सह्याद्रीचं पाणी घेऊन आला होता. लोक दोन्हींना एकाच मापाने मोजतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता पोर्तुगीज. कदंब राजा पहिला विजयादित्य याच्या, साधारण इ.स. 1107 च्या लेखात या गावाचं नाव 'पहजणि खळी' असं येतं. म्हणजे गाव पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीचं. अशा पाणथळ जमिनीवर कसं राहायचं याची युक्ती गोव्यातल्या गावकऱ्यांनी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी शोधली होती: खाजन. खाडीच्या कडेने चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा बांध घालायचा आणि बांधात लाकडी दारांची मानस बसवायची. भरतीचा दाब आला की मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मोटर नाही, वीज नाही. मानशीच्या आत खोलगट जागा मोकळी सोडलेली असते, तिला पोंय म्हणतात. बाहेर भरती असेपर्यंत आतलं पाणी तिथे थांबून राहतं. शेतात कोरगुट भात, जे थोडंफार खारं पाणी सोसतं. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं, मासळीच्या हक्काचा लिलाव करायचा, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. (पुढे याच लिलावाने घात केला. जास्त मासळीसाठी खारं पाणी हवं तेव्हा आत घेऊ लागले, आणि बांध फुटून भातशेती गेली. पण तो वेगळ्या उत्तराचा विषय.)

सगळी गंमत त्या थांबायच्या जागेत आहे. साधा हिशेब करा. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख घनमीटर पाणी झालं. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा दिवसाला 100 म्हणजे अप्रूप नव्हे. हे पाणी 20 हेक्टर मोकळ्या जागेत पसरलं तर अर्धा मीटर उभं राहील आणि ओहोटीची वाट बघेल. ती जागा नसेल तर सेकंदाला 500 लिटर उपसणारा पंप लावा. त्याला 55 तास लागतील. थोडं जमिनीत मुरेल हे खरं, पण सिमेंटखाली किती मुरणार?

पोर्तुगिजांनी दलदल राखून वरून रस्ताही नेला आणि दलदल बुजवलीही. 1630 च्या दशकात लिन्यारिसचा कौंट या व्हाइसरॉयने पणजी ते रायबंदर असा तीनेक किलोमीटरचा सेतू दलदलीतून नेला, आणि तो आजही रस्ता म्हणून वापरात आहे. पण 1820-30 च्या दशकांत मानुएल दि पोर्तुगाल इ काश्त्रो या राज्यपालाच्या कारकिर्दीत शहरासाठी दलदलीच बुजवायला घेतल्या. 1843 साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली ती बरीचशी भरावावर. तेव्हा 'त्यांच्या काळात सगळं चोख होतं' हे आमच्या काही वडीलधाऱ्यांचं लाडकं मत मला पटत नाही. फरक इतकाच, की ते जेवढं बुजवत होते त्याच्या आजूबाजूला न बुजवलेलं भरपूर शिल्लक होतं. मेरशीकडे मिठागरं, ताळगावात खाजनं, आणि मळा नावाप्रमाणे मळाच, माडांचा. ते शिल्लक आम्ही संपवलं. ओरेम खाडीपलीकडचा पाटोचा परिसर भरावावर उभा राहिला. ताळगावच्या शेतांच्या कडेने इमारती आल्या, आणि सांतिनेज खाडी मधल्यामध्ये अरुंद होत सांडपाण्याचा नाला बनली.

सरकारने काही केलं का? केलं. मळ्यात दार बसवलं, पंप बसवले, स्मार्ट सिटीच्या नावाने 2023-24 मध्ये सगळं शहर खणून गटारं आणि मोऱ्या नव्या केल्या. त्यातलं बरंच गरजेचं होतं. दार तर मानशीचंच धाकटं भावंड. फक्त त्याच्या आत पोंय उरलेली नाही, म्हणून दार मिटलं की पंपावर सगळी मदार, आणि पंप चालतो विजेवर, जी नेमकी त्याच पावसात जाते.

तुमच्या घराचं म्हणाल तर आधी जोतं बघा. मारुती मंदिराच्या चढाकडचं असेल तर बिनघोर घ्या. खाली खाडीकडे असेल तर बाहेरून आत जाताना किती पायऱ्या चढाव्या लागतात ते मोजा. जुन्या घरांना तीन-चार असतात, त्या शोभेच्या नाहीत. नव्या इमारतीत तळमजला रस्त्याच्या पातळीवर असला तर शेजारच्या भिंतीवर रंगाखाली जुन्या पाण्याची रेघ दिसते का पाहा. आणि करार करायच्या आधी एकदा श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी, पाऊस चालू असताना येऊन जा. घरमालक त्या दिवशी घर दाखवायला टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच.