वाय-फाय अडकतंय? आधी केबल लावून पाहा

भाऊ, नवा राउटर घ्यायची घाई करू नको. आधी राउटरमधून लॅपटॉपला सरळ केबल जोड आणि स्पीड बघ. केबलवरही रखडत असेल तर दोष बहुधा लाइनचा, कंपनीला तक्रार कर. तिथं बरोबर असेल तर राउटर कुठं ठेवलाय ते पाह्य. आमच्या दारव्ह्याच्या फ्लॅटमध्ये तो लोखंडी आलमारीच्या आड, कूलरला चिकटून होता. पत्रा सिग्नल अडवतो, टाकीतलं पाणी शोषतं. हॉलमधल्या उंच फळीवर ठेवला अन् पोरीचा ऑनलाइन क्लास तुटायचा थांबला. शेजाऱ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर, म्हणजे सिग्नलच्या एकाच वाटेवर, गर्दी करतात, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गीगाहर्ट्झवर (वाय-फायच्या लांब पोचणाऱ्या पट्ट्यावर) १, ६ किंवा ११ यातला मोकळा चॅनेल निवड. राउटरच्या जवळ बसत असशील तर ५ गीगाहर्ट्झचा पट्टा घे. वेग जास्त, पण भिंतीपलीकडे दमतो. लाइट सारखी जाते, तर राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर तो चालू ठेवणारी बॅटरी, घेच.