एक्सेल शीटमध्ये नसलेला रकाना

‘परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचंय, पण त्याआधी ट्रेनिंग कोर्स कुठला करू?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांची एक खूण मला आता ओळखता येते. कोर्सेसबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. सेल्टा काय, सर्ट-टेसॉल काय (दोन्ही इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र कोर्स), कुठल्या शहरात राहणं स्वस्त, कुठल्या संस्थेचे जुने विद्यार्थी रिव्ह्यूमध्ये कुरकुर करतात, सगळं तोंडपाठ. फक्त अर्ज भरलेला नसतो. काहींचं तर यात वर्ष निघून गेलेलं असतं. ‘चुकीचा निवडला तर पैसेही गेले आणि वेळही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी लिहायला बसले.

केदारचं उदाहरण घेते. नाव आणि तपशील बदललेत. खरं तर दोन-तीन जण मिळून हा एक केदार झालाय. तिशीला टेकलेला, हिशेबाच्या कामाला कंटाळलेला. पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. हिरवे कोर्स उत्तम, पिवळे बरे, लाल बाद. फी, किती आठवडे, राहायची सोय, विमानतळावर घ्यायला येतात का, नोकरीसाठी मदत, समुद्रकिनारा किती लांब.

“ठरवायला बसलो की वाटतं, अजून एक बघू,” तो म्हणाला. “मग एक ओळ वाढते.”

“ओळ वाढली की कसं वाटतं?”

“त्या रात्री बरं वाटतं. काहीतरी केल्यासारखं.”

‘त्या रात्री बरं वाटतं’ यापाशी मी थांबले. माणूस काय बोलतो यापेक्षा कुठल्या कृतीने त्याला तात्पुरतं हलकं वाटतं, हे आधी बघायचं, असा माझा शिरस्ता आहे. तुलना केली की धास्ती घटकाभर उतरते, म्हणून मन पुन्हा तुलनेकडेच वळतं. अशा माणसाला आणखी माहिती देणं म्हणजे तहानलेल्याला खारं पाणी देणं. म्हणून कोर्सची यादी मागणाऱ्याला मी ती देत नाही. काही जण यावर नाराज होतात, त्याला इलाज नाही.

पुढच्या एका भेटीत मी त्याला शीटची शीर्षकं मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, “हा कोर्स चालू असताना तू दिवसभर काय करणार आहेस?”

“अर्धा दिवस ट्रेनर शिकवतात. मग टीचिंग प्रॅक्टिस.”

“म्हणजे नेमकं काय?”

“खऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग घ्यायचा. ट्रेनर मागे बसून नोंदी करतो. बरोबरचे ट्रेनीही बघत असतात. नंतर सगळ्यांसमोर फीडबॅक.”

“हे कुठल्या रकान्यात आहे?”

त्याने शीट उजवीकडे सरकवली, मग परत डावीकडे. किती तास प्रत्यक्ष शिकवायला मिळणार, कोणाला शिकवायचं, ते कोण बघणार, यातलं काही कुठेच नव्हतं. समुद्राचं अंतर होतं, विद्यार्थी नव्हते.

बराच वेळ तो बोलला नाही. मीही बोलले नाही. मग म्हणाला, “एक अर्ज अर्धा भरून ठेवलाय. मुलाखतीआधी भाषेचे प्रश्न असतात. साधा भूतकाळ आणि प्रेझेंट परफेक्ट यातला फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल, असे. तिथे अडकलो. मॅडम, माझे उच्चार तसे नाहीत. वर्गातला एखादा म्हणाला, हा कोण आम्हाला इंग्रजी शिकवणार, तर?”

इतके महिने तो कोर्स निवडत नव्हताच. मागे बसून नोंदी करणारा तो ट्रेनर त्याला टाळायचा होता. आणि गंमत अशी, की कोर्सची पारख करायला सगळ्यात उपयोगी रकाना तोच होता. इतक्या केसेसनंतर माझी खात्री झाली आहे, की तक्त्यातून जे गळतं ते बहुधा विसरून गळलेलं नसतं.

हा रकाना भरायला घेतल्यावर चित्र किती साफ होतं ते सांगते. केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान 120 तासांचं प्रशिक्षण असतं आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 6 तास शिकवावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या वर्गांना. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षासंस्थेचा सर्ट-टेसॉल किमान 130 तासांचा, प्रत्यक्ष शिकवणं तिथेही 6 तास. पूर्णवेळ केले तर दोन्ही साधारण चार-पाच आठवड्यांचे. बाहेरचा परीक्षक येऊन केंद्राचं काम तपासतो, म्हणून शहर बदललं तरी प्रमाणपत्राचं वजन बदलत नाही. याउलट ‘टेफल’ (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) हे नाव कुणाच्याच मालकीचं नाही. नोकरी देणारे 120 तास मागतात म्हणून तो आकडा कुणीही छापतं, आणि एकाही विद्यार्थ्याचं तोंड न बघता पुरे होणारे कोर्स त्यात भरपूर आहेत. ‘मान्यताप्राप्त’ लिहिलेलं दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुणाची मान्यता? असे कोर्स अगदीच वाया असतात असं नाही. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा स्वच्छ दाखला लागतो. कागदापुरतं तिथे निभावू शकतं. वर्गात उभं राहिल्यावर कागद मदतीला येत नाही.

उच्चारांच्या भीतीचे मी दोन भाग केले. एक भाग खरा आहे आणि तो गोड बोलून झाकू नये. अनेक जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’च मागतात. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-टू व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपला पासपोर्ट कुठे चालतो, हे फी भरण्याआधी त्या-त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघायचं. कोर्स विकणाऱ्याला विचारायचं नाही.

दुसरा भाग मनातला. सेल्टाला जन्माने इंग्रजी बोलणारा लागत नाही. इंग्रजी सी-टू किंवा वरच्या सी-वन पातळीचं लागतं (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या या सगळ्यात वरच्या दोन पातळ्या). या प्रकारच्या छोट्या कोर्सची सुरुवात 1962 साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी केली, दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाने. इंग्रजी बोलता येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गृहीतच या कोर्सच्या मुळाशी आहे. मग मी केदारला ट्रिनिटीच्या कोर्सची एक गोष्ट सांगितली. तिथे शिक्षक होऊ घातलेल्यांना 4 तास एक पूर्णपणे अनोळखी भाषा शिकवतात, केवळ शिकणाऱ्याची धांदल कशी असते ते कळावं म्हणून.

तो हसला. “ती धांदल मी शाळेपासून केलीय. त्याचे मार्क कधी धरले नाहीत.”

तो खुर्चीत सरळ होऊन बसला. असे क्षण घडवता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवता येते. एवढं मला जमतं, असं मी जरा अभिमानानेच म्हणते.

त्यानंतर काम सोपं होतं. ओळखीच्या दोन प्रौढांना तासभर इंग्रजी शिकवायचं, आणि एका मित्राला मागे वही घेऊन बसवायचं. परत आल्यावर म्हणाला, “बारा मिनिटांत माझं सगळं संपलं. मग त्यांनाच बोलायला लावलं. ते मस्त बोलले.” शिक्षकाने कमी बोलावं, हे कोर्सवर पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं. त्याला ते आधीच हाती लागलं.

निवडीसाठी मी हर्बर्ट सायमन यांची वाट धरते. अर्थशास्त्राचं नोबेल (1978) मिळालेल्या या माणसाने दाखवून दिलं, की माणसं सर्वोत्तम शोधत बसत नाहीत, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतात. माझ्या मते थांबायची रेघ आधी आखलेली हवी. केदारने तीन अटी लिहिल्या: 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, तेही कुणीतरी बघत असताना, जिथे नोकरी हवी तिथे आपल्या पासपोर्टवर ती मिळणं शक्य, आणि फी भरून पुढचे तीन महिने निघतील एवढे पैसे हातात. तिन्हींत बसणारा पहिला कोर्स घ्यायचा, त्यानंतर शीट उघडायची नाही. संस्थांना त्याने ईमेल केले: विद्यार्थी कोण असतात, वर्गात किती असतात, मध्येच सोडलं तर फीचं काय? दोन हिरव्या संस्थांनी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला बगल देऊन राहण्याच्या सोयीचे फोटो पाठवले. त्याने अर्धा राहिलेला सेल्टाचा अर्ज पुरा केला, मुलाखत दिली, प्रवेश मिळाला.

राहिलेल्या काही शंका. ‘नोकरीची हमी’ म्हणजे पुष्कळदा बायोडेटा सुधारून देणं, तेव्हा हमी कसली ते लेखी मागा. लहान मुलांना शिकवायचं असेल तर सेल्टाचा भर प्रौढांवर आहे हे लक्षात ठेवा; आंतरराष्ट्रीय शाळांत नियमित शिक्षक व्हायचं तर त्या सहसा शिक्षणशास्त्राची पदवी किंवा परवाना मागतात, महिन्याभराचा कोर्स त्याची जागा घेत नाही. पर्यटक व्हिसावर काम करता येतं असं कुणी सांगितलं तर त्या संस्थेचं नाव तिथेच खोडा. आणि ऑनलाइन सेल्टा? ताकदीला तोच, शिकवणंही खऱ्या विद्यार्थ्यांना, फक्त पडद्यावर. ज्यांना घर सोडणं शक्य नाही त्यांनी खुशाल घ्यावा. पण केदारसारखी वर्गाचीच धास्ती असलेल्यांना मी तो सुचवत नाही.