गिनी पिगसाठी घरचं ताजं गवत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत. त्यांच्यासाठी घरातच गवत वाढवायचं आहे. गहू, जव, ओट की टिमथी, काय पेरावं?

घाई असेल तर गहू किंवा जव. आठ-दहा दिवसांत कापणीला येतात आणि उगवायलाही खळखळ करत नाहीत. ओटचं गवत जास्त मऊ असतं. ते चार दिवस उशिरा तयार होतं, पण बहुतेक गिनी पिग ते आधी संपवतात. टिमथी आणि ऑर्चर्ड ग्रास ही खरी कुरणाची गवतं. त्यांचं बी बारीक असतं, ते मातीत पुरायचं नाही, वर भुरभुरून हलकं दाबायचं. टिमथी उगवायलाच आठवडा ते दहा दिवस घेते आणि कापण्याजोगी व्हायला सहा आठवडे सहज जातात. मात्र एकदा मूळ धरलं की ती परत परत फुटते. आमचं मत विचाराल तर गव्हाचा ट्रे चालू ठेवावा आणि एका खोल कुंडीत टिमथी लावून तिला विसरून जावं.

बी घेताना दोन गोष्टी पाहा. गुलाबी, हिरवा किंवा निळा रंग चढवलेलं बी शेतात पेरण्यासाठी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते कितीही धुतलं तरी या कामाचं नाही. लॉनचं बीही टाळा, कारण त्यातल्या फेस्क्यू आणि रायग्रासच्या अनेक जातींच्या अंगात कीड रोखणारी बुरशी मुद्दाम राखलेली असते आणि तिची द्रव्यं चरणाऱ्या जनावरांना बाधतात. स्वयंपाकघरातला अख्खा गहू चालतो. चपटे ओट आणि पॉलिश केलेले जव उगवत नाहीत. शंका असेल तर २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तीन दिवसांत १६ पेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर ते बी पेरू नका, न उगवलेले दाणे ट्रेमध्ये कुजतात आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

प्रश्न: घरात ज्वारी आहे. गव्हाऐवजी ती पेरली तर?

नको. कोवळ्या ज्वारीच्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. रोप जितकं कोवळं, तितकं ते जास्त, आणि आपण तर नेमकं कोवळंच गवत कापणार.

प्रश्न: पेरणीपासून कापणीपर्यंतची पद्धत मापासकट सांगाल का?

३० × २० सेंटिमीटरचा, तळाला भोकं असलेला ट्रे घ्या. खाली पाणी धरणारा दुसरा ट्रे हवा. कोकोपीट किंवा खत न घातलेली भुसभुशीत माती ३ ते ४ सेंटिमीटर जाडीची पसरा. खताची गरजच नाही: पहिला आठवडाभर रोप दाण्यातल्या साठ्यावर जगतं. शिवाय ज्या मातीवर जनावर तोंड लावू शकतं, तिथे खत नसलेलंच बरं.

या मापाच्या ट्रेला ९० ग्रॅम गहू पुरतो. तो दोन-तीनदा धुऊन ८ ते १२ तास भिजवा, पाणी काढून टाका आणि ओल्या मातीवर पसरा. दाणे एकमेकांना टेकले तरी चालतील, एकावर एक चढता कामा नयेत. नेमकी इथेच सगळ्यांची गडबड होते. गच्च पेरलं की गवत दाट येईल असं वाटतं, पण भिजलेला दाणा फुगतो, खालच्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि चौथ्या दिवशी ट्रेला आंबूस वास सुटतो.

वरून पाणी फवारा, दुसरा रिकामा ट्रे पालथा झाका आणि सावलीत ठेवा. पालथा ट्रे रोज एकदा उघडून हवा खेळू द्या. दोन-तीन दिवसांत कोंब सेंटिमीटरभर वर आले की झाकण कायमचं काढून उजेडात आणा. खिडकीतला उजेड पुरतो, दुपारचं कडक ऊन नको. हवा १८ ते २४ अंश असेल तर सगळं सुरळीत चालतं. ३० च्या वर गेली की गवत भराभर वाढतं आणि बुरशी त्याहून भराभर.

झाकण काढल्यानंतर वरून पाणी घालणं बंद. खालच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी ओता, अर्धा तास थांबा, उरलेलं फेकून द्या. ट्रे उचलून बघायची सवय लावा: जड लागला तर आज पाणी नाही. सकाळी पात्यांच्या टोकांवर एकेक थेंब उभा दिसला तर ते दव समजू नका. मुळांनी घेतलेलं जादा पाणी पातं टोकातून बाहेर टाकतं. त्या दिवशी पाण्याला सुट्टी.

१२ ते १५ सेंटिमीटर उंचीवर कात्रीने कापा आणि खाली २ ते ३ सेंटिमीटर बुंधा ठेवा. नवं पातं त्या बुंध्यातून येतं. दुसरी कापणी मिळते, पण विरळ. गव्हाकडून तिसरीची आशा धरू नये.

प्रश्न: मोडांवर पांढरा कापूस दिसतोय. फेकून द्यावं का?

आधी पाणी फवारून पाहा. मुळांना बारीक लव असते. ती प्रत्येक मुळाभोवती सारखी असते आणि ओली झाली की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, फवारल्यावरही दिसत राहते आणि तिला कुबट वास येतो. लव असेल तर काही करायचं नाही. बुरशी असेल तर सगळा ट्रे टाकायचा. तेवढाच कोपरा कापून बाकीचं खायला घालणं धोक्याचं आहे, कारण डोळ्याला दिसते त्यापेक्षा ती पुढे गेलेली असते. ट्रे साबणाने धुऊन उन्हात कडक वाळवा आणि पुढच्या खेपेला बी पाऊण करा.

प्रश्न: गवत फिकट पिवळं येऊन आडवं पडतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा झाकण जास्त दिवस राहिलेलं असतं. अंधारात वाढलेलं पातं लांब, पांढुरकं आणि लेचंपेचं होतं. उजेडात आणल्यावर दिवस-दोन दिवसांत हिरवं होईल, ताठ होईलच असं नाही. उजेड पुरेसा असूनही पडत असेल तर एक झुबका उपटून मूळ पाहा. पांढरं आणि कडक असेल तर पाणी कमी पडतंय किंवा उकाडा जास्त आहे. तपकिरी, बुळबुळीत असेल तर मूळ कुजलंय, तो ट्रे गेला.

मातीवर बारीक काळ्या माशा उडत असतील तर त्याही ओलीच्याच. वरचा थर कोरडा राहू द्या, जवळ पिवळा चिकट कागद लावा. कीटकनाशक अजिबात नको.

प्रश्न: अख्खा ट्रेच पिंजऱ्यात ठेवला तर चालेल?

वीसेक मिनिटं, तुमच्या डोळ्यांसमोर, चालेल. चरण्याचा आनंद त्यांना मिळतो हे खरं. पण गिनी पिग पातं कुरतडून थांबत नाही, ओढून मुळासकट उपटतो, मग त्या ट्रेमध्ये बसतो, आणि बसला की तिथेच लघवी करतो. असा ट्रे पुन्हा फुटत नाही. शिवाय पात्याबरोबर खालचा मोड आलेला दाणाही पोटात जातो. त्यात पिष्ट भरपूर असतं आणि या जनावराच्या पोटात पिष्ट आंबून वायू धरतो. जाळी ठोकून ट्रे झाकण्याची युक्ती अनेकजण करतात. तिच्यात नखं आणि दात अडकतात, तेव्हा कात्री बरी.

प्रश्न: पहिल्याच दिवशी भरपूर गवत घातलं आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या मऊ झाल्या. गवत बंद करावं का?

दोन दिवस बंद करा. फक्त वाळलेलं गवत आणि पाणी द्या. उपाशी मात्र ठेवू नका, गिनी पिगचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. लेंड्या पूर्ववत झाल्या की चार-पाच पात्यांपासून सुरुवात करा आणि दहा-बारा दिवसांत वाढवत हलक्या हाताच्या एका मुठीपर्यंत या. रोज एका जनावराला तेवढं पुरे. आतड्यातले जिवाणू नव्या खाण्याला हळूहळूच सरावतात, एकदम हिरवं पडलं की त्यांचा तोल जातो.

एक खुलासा. गिनी पिग काही मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ते त्याच्या पचनाचा भाग आहे, जुलाब नव्हे. पातळ पाण्यासारखं होणं, पोट ढोलासारखं ताणलेलं लागणं, अंग चोरून बसणं, दात करकरणं, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. अर्धा दिवस न खाणं हेही या जनावरासाठी गंभीर आहे.

प्रश्न: एवढं ताजं गवत मिळतंय तर वाळलेलं गवत आणि भाजी कमी केली तर?

वाळलेलं गवत कमी करायचं नाही, ते दिवसरात्र समोर हवं. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात लांब, कडक काड्या तासन्‌तास चघळून. आठ दिवसांचं गव्हाचं पातं बहुतांश पाणीच असतं, दोन चावांत संपतं.

क जीवनसत्त्वाचंही तसंच. माणसासारखंच गिनी पिगचं शरीर ते तयार करू शकत नाही. निरोगी प्रौढ जनावराला दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला ३० च्या आसपास. ताज्या गवतात ते असतं, पण किती याचा भरवसा नाही आणि कापून ठेवलं की घटत जातं. लाल ढोबळी मिरचीच्या २० ग्रॅमच्या फोडीत साधारण २५ मिलिग्रॅम मिळतं, ती फोड चालू ठेवा. पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नका, उजेडात ते लवकर निकामी होतात.

प्रश्न: लॉनमोवरने कापलेलं गवत आयतं मिळतं. ते दिलं तर?

देऊ नका. मोवर पात्याचा चुरा करतो, ढिगात तो तासाभरात गरम होऊन आंबू लागतो आणि खाल्ल्यावर पोटात वायू धरतो. हाताने कापलेलं गवत चालतं. मात्र तिथे तणनाशक मारलेलं नसावं, कुत्री फिरत नसावीत आणि रस्त्याकडेची जागा नसावी. घरच्या ट्रेचं गवतही लागेल तेवढंच, द्यायच्या वेळी कापा. ओलं गवत पिशवीत दाबून ठेवलं तर त्याचीही हीच गत होते. उरलंच तर कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.