टाकीच्या तळाशी डोलणारे लाल धागे

माशांच्या टाकीत तळाशी लाल धागे डोलताना दिसले, ते जंत आहेत का, मुलांच्या पोटात जातील का, असं घाबरून विचारलंय तुम्ही. नाही. काचेला टिचकी मारली की सगळे एकदम वाळूत गडप होतात, हे वाचलं तिथेच ओळख पटली. हे ट्युबिफेक्स, गांडुळाचे पाण्यातले चुलतभाऊ.

दुकानात माशांचं खाद्य म्हणून ब्लडवर्म नावाने मिळतात ते हे नव्हेत. ती एका न चावणाऱ्या चिलटाची अळी. तिला वेगळं डोकं असतं, पुढे-मागे बुटके पाय असतात आणि पाण्यात ती इंग्रजी आठचा आकडा काढत वळवळते.

एखादा बशीत घेऊन भिंगाखाली बघाच. साधारण २ ते ४ सेंटीमीटरचा दोरा, पण नीट पाहिलं तर वलयामागून वलय. पहिलं सोडून पुढच्या वलयांवर दृढरोमांचे (म्हणजे बारीक ताठ केसांचे) चार-चार झुबके, दोन पाठीकडे, दोन पोटाकडे. त्यांच्याच जोरावर तो नळीत घट्ट धरून राहतो. पाठीकडच्या झुबक्यांत लांब केसही असतात. तिथे नुसते हुकासारखे वाकडे काटेच दिसले तर बहुधा त्याचा भाऊबंद लिम्नोड्रिलस. हा फरक सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही, म्हणून आम्ही शौकीन मंडळी सरसकट ट्युबिफेक्सच म्हणतो.

गाळ आणि चिकट स्राव यांची नळी करून तो त्यात उलटा उभा राहतो, डोकं खाली, शेपूट वर. खालचा गाळ गिळायचा, त्यातले जिवाणू पचवायचे आणि उरलेलं वर टाकायचं. म्हणजे तळाची नांगरणीच! आपल्यासारख्या तांबड्या पेशी त्याला नसतात. ऑक्सिजन वाहणारं लाल द्रव्य थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं आणि पातळ कातडीतून ती लाली बाहेर दिसते. श्वासही कातडीतूनच. ऑक्सिजन कमी पडला की शेपूट आणखी बाहेर काढून जोरात हलवतो. म्हणूनच जिथे इतर किडे गुदमरतात त्या गटारांत, नाल्यांच्या गाळात यांचे लालभडक गालिचे दिसतात. स्वच्छ, थंड तळ्यांतही असतो, पण तिथे अशी गर्दी नसते.

माशांना रोग होईल का? ट्राउटला गरगर फिरायला लावणारा एक परजीवी आयुष्याचा एक टप्पा ट्युबिफेक्समध्ये काढतो. वुल्फ आणि मार्किव या संशोधकांनी १९८४ साली हे दाखवलं. तोवर त्या परजीवीच्या दोन अवस्था म्हणजे दोन निराळे प्राणी समजले जात. तुमच्या गप्पींना त्याची भीती नाही. पण माशांचं खाद्य म्हणून बाजारात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स बरेचदा गटारातून येतात, त्यांच्यासोबत घाणही येते. मी एकदा पुडी फ्रिजमध्ये ठेवून विसरलो. दोन दिवसांनी जो वास सुटला, त्यानंतर घरात माझ्या छंदाला मत उरलं नाही. तेव्हापासून वाळवलेलेच वापरतो.

तुमच्याकडे बहुधा नव्या पाणवनस्पतींच्या मुळांतून आले असावेत. औषध ओतू नका, मेलेले किडे कुजून पाणी जास्त बिघडेल. नळीने तळचा गाळ ओढून घ्या, खाद्य कमी करा. दिवसातून किती वेळा घालता, तेवढं कळवा.