प्रश्न तुमचे : मिती किती आणि मोजायच्या कशा?

प्रश्न : काळ धरून मिती चार, इथपर्यंत समजलं. पण स्ट्रिंग थिअरीवाले (सगळे कण म्हणजे अतिबारीक तंतूंची कंपनं असं मानणारे) दहा म्हणतात, कुणी अकरा. या उरलेल्या मिती आहेत कुठे? आणि दिसत नाहीत तर त्या मानायच्या तरी कशाला?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात थोडा राग आहे आणि तो रास्त आहे, म्हणून आधी ‘कशाला’चं बघू. १९१९ साली थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाने आइन्स्टाइनला एक लेख पाठवला. आइन्स्टाइनचीच गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्याने चारऐवजी पाच मितींत मांडून पाहिली होती, आणि त्यातून विद्युतचुंबकत्वाची मॅक्सवेलची समीकरणं निघत होती. दोन वेगळी बलं आणि भूमिती एकच! आइन्स्टाइन आधी खूश झाला, मग साशंक झाला. लेख छापून यायला १९२१ उजाडलं. पुढे १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइनने सुचवलं की ही पाचवी मिती स्वतःवरच गुंडाळलेली असावी, इतकी बारीक की अणूसुद्धा तिच्यापुढे अवाढव्य ठरावा. तेव्हा ‘कुठे’चं उत्तर : इथेच, अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी.

अशी मिती डोळ्यांना दिसणार नाही, पण गुरुत्वाकर्षणाला कळेल. कसं ते सांगते. अंतर दुप्पट केलं की आकर्षण ज्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरतं तो पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून बल पाव हिश्शावर येतं. अवकाशाला आणखी एक मिती असती तर ते आठव्या हिश्शावर आलं असतं. म्हणजे गुंडाळलेल्या मितीच्या आकारापेक्षा जवळ जाऊन बल मोजलं, तर हिशेब बदललेला सापडायला हवा. १९९८ मध्ये अर्कानी-हामेद, डिमोपोलस आणि ड्वाली यांनी दाखवून दिलं की अशा दोन मिती मिलिमीटरएवढ्या मोठ्या असल्या तरी कुणाला पत्ता लागला नसता, कारण त्याहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण कुणी नीट मोजलंच नव्हतं! न्यूटननंतर तीनशे वर्षांनी! मग वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने बारीक तारेला टांगलेल्या चकतीचा पीळ मोजत मोजत ते अंतर २०२० पर्यंत ५२ मायक्रॉनवर आणलं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तिथेही बल जुन्याच हिशेबाने वागतं.

मग दहा मिती खोट्या ठरल्या का? नाही, फक्त मोठ्या मिती गेल्या. स्ट्रिंग थिअरीतल्या मिती त्याहून कितीतरी बारीक असू शकतात आणि तिथवर आपली तार पोहोचत नाही. तेवढ्यापुरता तुमचा राग मलाही येतो.

प्रश्न : माझा सिद्धांत असा. आधी शून्य मिती, म्हणजे बिंदू. बिंदू हलला, रेषा झाली. रेषा हलली, प्रतल झालं. प्रतल हललं, घन अवकाश झालं, हाच महास्फोट. अवकाश हललं, काळ झाला. सोबत आकृत्या जोडल्या आहेत. कृपया चूक दाखवावी, नुसतं ‘अवैज्ञानिक’ म्हणून सोडून देऊ नये.

उत्तर : आकृत्या सुरेख आहेत. पट्टी आणि कंपास घेऊन काढलेलं काही या टेबलावर फार दिवसांनी आलं.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. बिंदू हलला, पण कशात हलला? हलायला जागा लागते आणि वेळही लागतो. म्हणजे जी रेषा अजून जन्माला यायची आहे ती आधीपासून तिथे आहे, आणि जो काळ तुम्ही शेवटी आणलात तो पहिल्या पायरीपासून राबतो आहे. मी वर्गात घन शिकवताना अगदी अशीच सुरुवात करायचे. तिथे ती चालते, कारण फळा आधीच भिंतीवर असतो.

पण मिती सुरुवातीला कमी होत्या आणि मग वाढल्या, हा तुमचा गाभा टाकाऊ नाही. २००५ मध्ये आंब्यॉर्न, युर्कीविच आणि लॉल यांनी संगणकावर अवकाश-काळाचे चिमुकले तुकडे जोडून एक अख्खं नमुना-विश्व रचलं. त्याच्या मिती मोजायची त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यात वाट फुटेल तिकडे भटकणारा एक फिरस्ता सोडायचा आणि तो निघाल्या जागी परत येण्याची शक्यता किती, ते बघायचं. मिती जितक्या जास्त तितका तो हरवण्याचा संभव मोठा. लांब भटकंतीत मिती चार भरल्या, अगदी थोड्या पावलांच्या भटकंतीत, म्हणजे अगदी बारीक अंतरांवर, दोनच्या आसपास.

२०११ मध्ये म्युरेका आणि स्टॉइकोविच यांनी आणखी पुढचं विचारलं. विश्व अगदी तान्हं असताना अवकाशाला दोनच मिती असतील, तर आज त्याची खूण काय सापडेल? दोन मितींच्या अवकाशात आइन्स्टाइनच्या समीकरणांतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून धावणारे ताण-आकसाचे तरंग, निघतच नाहीत. म्हणजे त्या काळातल्या लहरी आज मिळणार नाहीत. एका ठरावीक वारंवारतेच्या वर सगळं कोरं असेल. लिसा ही अंतराळातली वेधशाळा ही सीमा शोधू शकेल, असं त्यांचं म्हणणं. तिचं उड्डाण २०३५ च्या सुमारास व्हायचं आहे.

तुमच्या पुढच्या पत्रात मला एवढंच हवं आहे : तुमचं खरं असेल, तर कुठला आकडा वेगळा येईल? छोटासा चालेल. आकृत्याही पाठवा.

प्रश्न : महास्फोट नेमका कुठे झाला?

उत्तर : तुम्ही हे वाचत आहात तिथे, आणि बाकी सगळीकडे. रिकाम्या जागेत बार उडाला असं झालं नाही, जागाच ताणली गेली. त्या काळच्या उष्णतेचा अवशेष, म्हणजे सगळीकडून येणारं मंद प्रारण, आज २.७ केल्व्हिनचा उरला आहे. आपल्या स्वतःच्या गतीमुळे पडणारा किंचित फरक वजा केला, तर तो सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखाच येतो.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर महास्फोट मानत नव्हते. मग पाठ्यपुस्तकात तोच का?

उत्तर : कारण मोजमापं त्या बाजूला झुकली. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांचा १९४८ चा स्थिर-स्थिती सिद्धांत मोठा धीट होता : विश्व सदासर्वकाळ सारखंच दिसलं पाहिजे. दूरच्या, म्हणजेच जुन्या काळातल्या, रेडिओ-स्रोतांची मोजदाद त्याच्याशी जुळेना, आणि १९६५ मध्ये वर सांगितलेलं प्रारण जाहीर झालं. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित मांडणी केली. ती फार थोड्यांना पटली. नारळीकर मात्र आपल्या मतावर राहिले आणि आक्षेपांना हिशेब मांडून उत्तरं देत राहिले. पाठ्यपुस्तकात यावर निदान एक परिच्छेद असायला हवा, असं माझं मत.

प्रश्न : चौथ्या मितीतून फिरवून आणला तर डावा हातमोजा उजवा होतो, हे खरं का?

उत्तर : गणितात खरं. कागदाचा डावा पंजा कापून टेबलावर ठेवा. नुसता सरकवून तो उजवा होत नाही, उचलून पालथा घातला की होतो. हातमोज्याला तसं पालथं घालायला अवकाशाची चौथी मिती लागेल, हे म्यॉबियसने १८२७ मध्येच लिहून ठेवलं आहे. तिथे दोरीची टोकं न सोडता गाठही सुटते.

या गाठीपायी लाइपझिगचा खगोलभौतिकतज्ज्ञ झोल्नर १८७७ मध्ये हेन्री स्लेड नावाच्या, आत्म्यांशी संपर्क असल्याचं सांगणाऱ्या अमेरिकन ‘माध्यमा’च्या नादी लागला. टोकांना लाख लावून मोहोर केलेल्या दोरीत स्लेडने गाठी पाडून दाखवल्या. झोल्नर भोळा असेल, पण प्रयोग कसा करावा हे त्याला ठाऊक होतं. त्याने दोन अखंड लाकडी कड्या दिल्या आणि त्या एकमेकींत अडकवून मागितल्या. बैठक संपली तेव्हा कड्या सुट्याच होत्या, फक्त एका छोट्या टेबलाच्या पायाभोवती. झोल्नरला हा मागितल्यापेक्षाही मोठा चमत्कार वाटला. मला त्या टेबलाची वरची फळी निघते का, ते बघायला आवडलं असतं.